पाच भोकांचा रेडिओ

आमच्या ऑफिसात त्याला सगळे तिरसट म्हणत. साहेब म्हणत, हेडक्लार्क म्हणत, शिपाईसुद्धा म्हणे. पहिले सहा महिने मीही म्हटलं. आता तो शब्द कानावर आला तरी संताप होतो. जो माणूस दिवसातून दहा वेळा अपमान गिळतो आणि अकराव्या वेळी तोंड उघडतो तो तिरसट, आणि जो दहाही वेळा अपमान करतो तो साहेब, ही कुठली रीत?

तो आमच्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर. ऑफिस मंगरूळपीरला, खातं कोणतं ते सांगत नाही. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती आणि गावोगाव विहिरींची, बंधाऱ्यांची कामं निघत होती. मी अमरावतीहून नवाच लागलेला कनिष्ठ कारकून. साहेब दौऱ्यावर निघाले की फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन जीपच्या मागच्या बाकड्यावर बसायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे त्या माणसाचा चेहरा मला आठवतो त्यापेक्षा त्याची मान जास्त आठवते. राग आला की ती मान ताठ व्हायची आणि कानाच्या मागची शीर उडायला लागायची.

अनसिंगकडचा होता. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा. हाक मारताना सगळे त्याला भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणे.

साहेबांना 'हो' म्हणायचं नाही, असा त्याचा नेम होता. काहीही सांगा, तो म्हणे, "ऐकलं." साहेबांना हे फार लागायचं.

"ऐकलं काय ऐकलं? हो साहेब म्हण!"

"ऐकलं म्हनूनच सांगतलं साहेब. पटलं का नाई, ते तुमी विचारलं नाई."

दुसरी खोड तारखेची. आमच्या ऑफिसात कुणीही काहीही मागायला आला की त्याला 'बघू' असं सांगून वाटेला लावत. भाऊ तिथं असला की माघारी वळलेल्या माणसाला हाताला धरून परत टेबलापुढे आणी. "बघू म्हंजे कधी? बुधवारी का बिस्तरवारी? याचं गाव बारा मैल हाय. तारीख सांगा, हा निंगते." हेडक्लार्क लाल व्हायचे. तारीख मात्र द्यावी लागे.

एकदा दौऱ्यात सडकेवरच्या एका हॉटेलापुढं साहेबांनी जीप थांबवली आणि चहा मागवला. हॉटेलवाला सगळ्यांना ओळखून होता. साहेबांसाठी, माझ्यासाठी बशीतले कप आले. भाऊसाठी खिडकीबाहेरच्या फळीवर वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या फळीपर्यंत तो पोचला नव्हता. भाऊनं तो कप उचलला, जीपजवळ आला, साहेबांच्या हातातला कप अलगद काढून घेतला आणि तुटका त्यांच्या हातात दिला. मग साहेबांच्या कपातला चहा उभ्या उभ्या पिऊन मोठ्यानं म्हणाला, "ओ मालक! तुमचा तो फळीवरचा कप आज साहेबानं हातात घेतला. आता तो कोठी ठेवसान?"

साहेबांनी चहा फेकून दिला आणि जीप काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी भाऊला लेखी ताकीद आली. ती टाइप मी केली. तुटका कप ठेवणाऱ्याला काय मिळालं? काही नाही. पुढच्या दौऱ्यात साहेब तिथंच चहा प्यायले.

भाऊकडे एक टेपरेकॉर्डर होता. मुंबईला गोदीत काम करणाऱ्या त्याच्या साळ्यानं आणून दिलेला. जेवणाच्या डब्याएवढा, कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा. सोबत अंगठ्याएवढा माइक. तेव्हा मंगरुळात अशी वस्तू म्हणजे नवलच. तो त्यावर काहीही भरून घेई; वाशीमच्या स्टेशनातली गाडी, बाजारातली हर्राशी, बायकोचं रागावणं. बायको रागावली की तो तिला तिचंच बोलणं ऐकवी, आणि मग ती दुप्पट रागावे.

आमच्या साहेबांना हा डबा पाहून जीपमध्ये गाणी ऐकायची हौस आली. भाऊनं एक-दोनदा डबा चालू करून पुढे ठेवलाही, पण जीपच्या घरघरीत त्याचा आवाज कुठला निघायला? साहेब म्हणाले, गाडीत चांगला मोठा सेट बसवू. सरकारी जीपमध्ये असला खर्च कुठून करणार? पण आमच्या भागातल्या विहिरींची कामं घेणारा एक ठेकेदार होता. त्यानं साहेबांची इच्छा ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर, साहेबांच्या खोलीत, पाकीट ठेवलं. "भारीतला घ्या साहेब. दुकानात निरोप देतो." पाकीट माझ्या हातात आलं आणि भाऊला, मला अकोल्याला पाठवण्यात आलं.

दुकानदारानं आमचं स्वागत केलं, म्हणजे माझं केलं. भाऊला त्यानं बाहेर बसायला सांगितलं.

"गाडी कोन चालवते? बाबू?" भाऊ आत येऊन स्टुलावर बसला. "दाखवा."

पहिला सेट परदेशी. चकचकीत, पुढे रुंद तोंड. त्यात विटेसारखी जाड कॅसेट घालायची.

"बस, हाच न्या," दुकानदार मला म्हणाला. "ठेकेदारसाहेबांनी भारीतला सांगितला हाय."

"ही जाडी कॅसेट मंगरूळले भेटते?" भाऊनं विचारलं.

"मंगरूळ काय, अकोल्यात बी नाई. मुंबईहून मागवा लागते."

"मंग साहेब काय ऐकतीन? तुमची पावती?"

दुसरा सेट नुसता रेडिओ. भाऊनं तो उलटा केला, मागून पाहिला आणि खाली ठेवला. तिसरा काळा, साधा, कुणी न घेतलेला, धूळ बसलेला. त्याच्या पाठीला पैशाएवढं गोल तोंड होतं, आत पाच बारीक भोकं.

"हे कायले?"

"टेप जोडाचं असते. कोनी वापरत नाई ते."

भाऊनं खांद्यावरचा डबा काढून टेबलावर ठेवला. डब्याच्या कुशीलाही तसंच गोल तोंड, तशीच पाच भोकं. "मी वापरतो. जोडून दाखवा."

"अबे लागते म्हंटलं ना! घरी जाऊन लाव."

"इथं लावा. आवाज निघाला तं घेतो. आन् याचं प्लस बॉडीले जाते का मायनस? आमच्या जीपीचं मायनस हाय. उलटं लागलं तं जळते."

दुकानदाराला ते माहीत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "तुमच्या ड्रायव्हरले काय बिमारी हाय का?" मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. तिथं त्या मालाची माहिती असलेला माणूस एकच होता, आणि तो गिऱ्हाईक होता.

शेवटी दुकानाचा मेकॅनिक आला. त्यानं एका बॅटरीला रेडिओ जोडला, वायर बनवली. पहिल्यांदा नुसती गूं गूं. दुसऱ्यांदा तेही नाही. भाऊ म्हणाला, "भरून घेयाच्या भोकात लावली तुमी. आवाज बाहीर निंगते ते भोक दुसरं हाय." मेकॅनिकनं वायर सोडवून पुन्हा डाग दिला. तिसऱ्यांदा डब्याचं बटण दाबलं आणि अख्ख्या दुकानात भाऊच्या बायकोचा आवाज घुमला, "सकाळपासून त्या डब्यापुढं बसून राह्यले! चुलीत लाकडं कोन घालीन, डबा?"

दुकान हसलं, रस्त्यावरची माणसं हसली. भाऊ हसला नाही. कान रेडिओच्या स्पीकरला लावून म्हणाला, "साफ हाय. हाच द्या."

बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, ठेकेदारांनी बिल करू नका म्हणून सांगितलं आहे. भाऊच्या कानामागची शीर उडायला लागली. "ज्याचे पैसे त्याच्या नावानं करा." मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊ, आपल्याला काय करायचं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ उचलून जीपकडे निघाला.

परतताना शेलूबाजार ओलांडल्यावर त्यानं जीप अचानक डावीकडे बैलगाडीच्या वाटेला घातली.

"इकडं कुठं?"

"तीन मैल. तुमी बी पाहा."

वीस-बावीस घरांची वस्ती. आमच्या कागदांवर तिथं विहीर होती. खोदून, बांधून, पाणी लागून पुरी झालेली. ती फाइल मी स्वतः कपाटात लावली होती. भाऊनं मला दाखवली ती विहीर कमरेएवढी होती. खाली काळा खडक. तिथवर खणून ठेकेदारानं माणसं उठवली होती. बायका पाऊण मैलावरच्या नाल्यात वाळू उकरून, झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढत होत्या.

भाऊ त्यांना आधीपासून ओळखत असावा. सात-आठ बायका गोळा झाल्या. त्यानं डबा जोत्यावर ठेवला आणि माइक माझ्या हातात दिला. "धरा. मले बटनं पाहा लागते."

एक बुढी पुढे बसली. ती जे बोलली ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"साहेब, माहं नाव सांगत नाई. सांगतलं तं उद्या कामावर कोनी घेनार नाई. आमी तीनदा अर्जावर अंगठे देल्ले. मंगरूळले गेलो, तं तिथचा बाबू म्हने, विहीर झाली, दप्तरात पुरी हाय. माही सून सात महिन्याची पोटुशी होती. पहाटं पान्याले निंगाली न् त्या खड्ड्यात पडली. सून वाचली. लेकरू गेलं. आता मले येवढं सांगा साहेब, विहीर पुरी झाली, तं माही सून पडली कशात?"

हे बोलताना ती माइककडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. तिला 'विहीर पुरी आहे' असं सांगून परत पाठवणारा बाबू मीच होतो.

तिच्यामागून बाकीच्या बायकाही एकेक बोलल्या. भाऊनं बटण दाबून फीत थांबवली. जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "हे कुणाला ऐकवणार?"

"मोठा साहेब येनार हाय पंधरा दिवसात, तपासनीले. अर्ज वाचत नाईत, वस्तीवर उतरत नाईत. गाडीत तं बसतीन का नाई? गाडीतून उडी मारून कोठी जातीन?"

म्हणून त्याला पाच भोकं हवी होती. साहेब समजत होते, गाण्यांसाठी.

मोठे साहेब आले. त्यांची मोटार आमच्या वाटांवर चालण्यासारखी नव्हती, म्हणून आमच्या जीपमध्ये पुढे बसले. मागे आमचे साहेब, फराळाचे डबे घेऊन ठेकेदार, आणि मी. शेलूबाजारच्या अलीकडे आमचे साहेब कौतुकानं म्हणाले, "भाऊ, सरांना जरा गाणी ऐकवा."

"ऐकलं," भाऊ म्हणाला आणि त्यानं जीपमध्ये बसवलेल्या रेडिओला डब्याची वायर जोडली.

आधी बायकांची कुजबुज आली. "लोकगीत दिसतंय," आमचे साहेब म्हणाले. मग बुढीचा आवाज आला. इंजिनाच्या वर, स्वच्छ. 'तीनदा अर्जावर अंगठे देल्ले' इथवर आल्यावर आमच्या साहेबांच्या ध्यानात आलं.

"बंद कर!"

"गाडी चालू हाय साहेब. हात मोकळा नाई."

साहेब मागून पुढे झेपावले. मोठ्या साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी बटण गाठलं आणि घाईत उलटं फिरवलं. आवाज दुप्पट झाला. 'तं माही सून पडली कशात?' हा प्रश्न जीपमधून बाहेर रस्त्यावर गेला. मोठे साहेब म्हणाले, "राहू द्या. हात काढा." मग बाकीच्या बायका एकेक बोलल्या. मागे ठेकेदाराच्या मांडीवरचे फराळाचे डबे वाजत होते.

"ही वस्ती कुठं आहे?"

"सर, फार आत आहे. रस्ता नाही. पुढच्या दौऱ्यात ठेवू," आमचे साहेब म्हणाले.

"उजव्या हाताले तीन मैल," भाऊ म्हणाला. "रस्ता हाय. मी गेलेलो हाय."

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. भाऊनं जीप वळणावर आणून उभी केलीच होती. "चला," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. मलाही वाटलं होतं. मोठे साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, खडक पाहिला, ठेकेदाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "लवकर पूर्ण करा." बस. ज्यानं पुरी विहीर म्हणून पैसे उचलले त्यालाच म्हणाले! बुढी चार पावलांवर उभी होती. तिच्या सुनेचं कसं आहे, एवढंही कुणी विचारलं नाही.

"लवकर म्हंजे कोनती तारीख साहेब?" भाऊनं विचारलं.

सगळे त्याच्याकडे वळले. ड्रायव्हर साहेबांना तारीख विचारतो, हेच आधी त्यांना कळलं नाही.

"दोन महिने," मोठे साहेब तोंड फिरवून म्हणाले.

"बाबू, लिहा."

मी लिहिलं. विहीर अडीच महिन्यांत पुरी झाली. पाणी गोडं लागलं. ते पाणी त्या वस्तीला मोठ्या साहेबांनी दिलं नाही, आमच्या साहेबांनी तर नाहीच. पण भाऊला ते पाहायला ऑफिसातून जाता आलं नाही, कारण तपासणीनंतर आठव्या दिवशी त्याला निलंबित केलं होतं. सरकारी वाहनात विनापरवाना यंत्र बसवलं, वरिष्ठांची दिशाभूल केली, दौऱ्याचा मार्ग बदलला, असे आरोप.

चौकशीला अकोल्याहून एक अधिकारी आले. भाऊनं सगळं सरळ सांगितलं. पैसे ठेकेदारानं दिले, सेट साहेबांनी मागवला, फीत भरताना बाबू हजर होता. बिल तर नव्हतंच. म्हणजे साक्ष एकाची, माझी. आदल्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं होतं. धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्याकडे आहे, माहीत आहे ना?"

"हे यंत्र कुणी निवडलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ड्रायव्हरनं."

"पैसे कुणी दिले?"

"मला माहीत नाही."

"ध्वनिफीत तयार होताना तुम्ही तिथं होता?"

"नाही."

भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याची नोकरी गेली. आमच्या साहेबांची बदली झाली, जास्त चांगल्या जागी. जाताना ते रेडिओ काढून सोबत घेऊन गेले. ठेकेदाराला पुढच्या वर्षी तीन विहिरी मिळाल्या. मी कायम झालो.

दीड वर्षानं शेलूबाजारला मला एस.टी. चुकली. सवारीची जीप उभी होती, मंगरूळची. ड्रायव्हर भाऊ. जीप एका व्यापाऱ्याची, हा रोजावर.

"बसा बाबू. मांग जागा हाय."

मंगरूळला सगळे उतरले तरी मी उतरलो नाही. तो आरशातून पाहत होता.

"भाऊ, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"मले मालूम हाय. मी तथीच होतो."

"माफ करा मला."

तो मागे वळला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, आणि तेच मला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले कायले सांगता? माह्यासंग तुमी खोटं नाई बोलले. ज्याच्यासंग बोलले त्याले सांगा. लिहून द्या."

"नोकरी जाईल भाऊ."

"हव," तो म्हणाला. "जाते."

मग त्यानं परतीच्या सवाऱ्यांसाठी हाक द्यायला सुरुवात केली, आणि मी उतरलो.

मी लिहून दिलं नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षी नाही, नोकरी संपेपर्यंत नाही. बढत्या घेतल्या, निवृत्त झालो, सत्कारात शालही घेतली. भाऊ गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून. चौकशी करणारे अधिकारी आता नाहीत, ती फाइल कुठल्या कपाटात कुजली ते कुणाला ठाऊक नाही. ज्यांना सांगायचं ते उरले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. पाकीट ठेकेदारानं माझ्यासमोर ठेवलं आणि ते मीच अकोल्याला नेलं. फीत भरली तेव्हा माइक माझ्या हातात होता. चौकशीत ड्रायव्हरनं जे जे सांगितलं, ते सगळं खरं होतं.